खिडकी पुन्हा दिसायला लागली

मंगळवार, रात्र

दिवेलागणीला आज पुन्हा दिसली. ट्यूबचा उजेड तिरका पडला की भिंतीवर बुजवलेली खिडकी उमटते. दोन उभ्या रेघा, वर लिंटलखाली, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईखाली, एक आडवी. खालची रेघ तेवढी नाही, तिथे विटांचं वजनच सांधा दाबून धरतं.

वहिनी म्हणाल्या, कॅलेंडर लाव त्यावर. दादा काहीच बोलला नाही, आणि तेच... असो.

बुजवली म्हणजे संपलं असं मी धरून चालले होते. ३ फूट बाय अडीच फूट, ४ इंची भिंत. पस्तीस-चाळीस विटा, दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट अर्धी गोणीसुद्धा सिमेंट लागत नाही. एवढ्याशा कामाने वर्षभरात असं उघडं पडावं? सगळं करून आपल्याच वाट्याला हे यायचं, असं वाटून मघाशी डोळे भरून आले.

पण रेघा इतक्या सरळ आहेत की कारण त्यांतच लिहिलेलं आहे. चौकट काढली, तिला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, होल्डफास्ट, कापल्या, आणि कडेच्या जुन्या प्लास्टरलाच नव्या विटा टेकवल्या. तिथे सिमेंट-वाळूचा माल धरत नाही. प्लास्टर विटेपर्यंत सोलून, नव्या विटा अडकवायला एक थर सोडून एक असे दात, म्हणजे खाचा, काढायला हव्या होत्या. नाहीतर दर तिसऱ्या थराला जुन्या भिंतीत ३-४ इंच भोक पाडून ६ मिमीची सळई, ती नव्या सांध्यात फूटभर. विटाही नीट भिजवल्या नव्हत्या. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल जळतो, कच्चाच राहतो. वरचा थर तर त्याच दिवशी लिंटलला भिडवला. ओला माल सुकताना आकसतो, बांधकाम थोडं खाली बसतं आणि वर फट राहते. तो थर चार-पाच दिवस थांबून, घट्ट मालात विटांचे तुकडे ठोकून भरायचा असतो.

आणि जाळी, सांध्यावर प्लास्टरखाली लावतात ती तारेची चिकनमेश. ती मीच नको म्हटलं होतं. का म्हटलं, ते आज लिहीत नाही.

नवं प्लास्टर जुन्या कडेलाच थांबवलं, म्हणून विटांचा सांधा आणि प्लास्टरचा सांधा एकावर एक आले. भेगेला सरळ वाट मिळाली. त्यावर नुसती पुट्टी घासली तर पुन्हा तीच रेघ येणार.

भिंत पडणार नाही, हेही खरं. वर लिंटल आहे, भार तो घेतो. भेगेत नख जातं, त्याहून जास्त काही नाही. मघाचं रडू आता उरलेलं नाही. पाडायची गरज नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना ६-६ इंच प्लास्टर काढायचं, सांधा अर्धा इंच खोल खरवडायचा, धूळ झाडून पाणी मारायचं, एकास तीनचा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) माल दाबून भरायचा. वर चिकनमेश ताणून खिळ्यांनी बसवायची, ढिली राहिली तर प्लास्टर पोकळ होतं. मग १२ मिमीचं प्लास्टर, सात दिवस पाणी, पूर्ण वाळल्यावरच पुट्टी. स्विचबोर्डचा पाइप डावीकडून वर गेलाय, तिथे छिन्नी जपून.

आत्ता उठून चमच्याच्या दांड्याने ठोकून पाहिलं. उजवा वरचा कोपरा भद्द, पोकळ वाजतो, बाकी खणखणीत. तेवढ्यापुरती खडूने खूण करून ठेवली आहे.