विहिरीवरच्या मोटरचा करंट: व्हारपासून अँपिअरपर्यंत

नोंद पहिली

परसातल्या विहिरीवर १ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आहे. कपॅसिटर-स्टार्ट जातीची. मोटरने वेग घेतला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच सुरुवातीचा कपॅसिटर सोडून देतो आणि पुढे मोटर त्याच्याविना चालते. या उन्हाळ्यात ती भरून आणली तेव्हा ठरवलं, की हिचा करंट आधी कागदावर काढायचा आणि मगच टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारं मीटर) लावायचा.

मोटरच्या टोकाशी, पंप पूर्ण भारावर असताना मिळालेले आकडे: २२८ व्होल्ट, १०८० वॅट, रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करता मोटर आणि लाइन यांच्यात ये-जा करणारी वीज, तिचं एकक व्हार) १११२ व्हार. मी १११२ ला २२८ ने भागलं, ४.८८ अँपिअर आले. टेस्टर लावला तर ६.८.

दोन संध्याकाळी मीटर तपासण्यात गेल्या. मीटर बरोबर होतं.

व्हारला व्होल्टने भागून जे मिळतं तो करंटचा फक्त एक घटक असतो, मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र उभं करणारा. पाणी वर चढवणारा घटक वेगळा: १०८० भागिले २२८, म्हणजे ४.७४ अँपिअर. या दोघांची साधी बेरीज ९.६२ होते, तीही चूक. कारण दोन्ही घटक एकाच क्षणी शिखरावर नसतात. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, आणि चुंबकीय घटक पाव आवर्तन, म्हणजे ५ मिलिसेकंद मागून येतो. पाव आवर्तन म्हणजे ९० अंश, म्हणून इथे शाळेतला काटकोन त्रिकोण लागू पडतो. दोन बाजू ४.८८ आणि ४.७४, कर्ण ६.८०. टेस्टर हा कर्ण दाखवतो.

पुस्तकातल्या सूत्रातला साइन फाय तो हाच: चुंबकीय बाजू भागिले कर्ण. करंट म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर भागिले (व्होल्टेज गुणिले साइन फाय). माझ्या मोटरचा पॉवर फॅक्टर (कामाची बाजू भागिले कर्ण, म्हणजेच कॉस फाय) ०.७० च्या जरा खाली, त्यावरून साइन फाय ०.७१७. आता ४.८८ ला ०.७१७ ने भागा, पुन्हा ६.८. सूत्र पाठ असूनही इथे चकवा लागतो, कारण कॉस फाय सगळ्यांच्या तोंडी असतो आणि साइन फायकडे कुणी पाहत नाही. नुसत्या व्हारवरून एकूण करंट निघतच नाही. सोबत वॅट किंवा पॉवर फॅक्टर, दोन्हींपैकी एक हवंच.

नोंद दुसरी

साइन फाय १ असतो तिथे मात्र नुसता भागाकार पुरतो, आणि ती जागा म्हणजे शुद्ध कपॅसिटर. म्हणून मोटरला समांतर ३६ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा रनिंग कपॅसिटर जोडला. (स्टार्टिंगचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे कधीही जोडू नका. तो काही सेकंदांपुरता बनवलेला असतो, कायम जोडला तर फुटतो.) मोटर बंद झाल्यावर कपॅसिटरमध्ये ३२० व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांवर १०० किलोओहमचा २ वॅटचा रोध कायमचा बसवला आहे. साधारण २० सेकंदांत तो रिकामा होतो. तरीही हात लावण्याआधी मी दर वेळी मीटरने पाहतो, तुम्हीही पाहा.

कागदावर: २२८ चा वर्ग, गुणिले ३१४.१६, गुणिले ३६ मायक्रोफॅरड, म्हणजे ५८८ व्हार. २२८ ने भागून २.५८ अँपिअर. कपॅसिटरच्या एकट्या वायरीवर टेस्टरने २.६ दाखवले. आकडा जुळलेला पाहून खरंच आनंद झाला.

आता मुख्य वायरीवर किती? ६.८ मधून २.५८ वजा करून ४.२ म्हणण्याचा मोह होतो, पण वजाबाकी कर्णातून करायची नाही, चुंबकीय बाजूतून करायची, कारण कपॅसिटरचा करंट त्या बाजूच्या नेमका उलट असतो. ४.८८ वजा २.५८, उरले २.३०. कामाची बाजू तीच, ४.७४. नवा कर्ण ५.२७. टेस्टरवर ५.३. पॉवर फॅक्टर ०.७० वरून ०.९० झाला.

याहून मोठा कपॅसिटर मी लावणार नाही. मोटर रिकामी फिरताना जो चुंबकीय करंट घेते, त्याच्या साधारण ९० टक्क्यांच्या आत कपॅसिटरचा करंट ठेवायचा असा दंडक आहे. त्यापुढे गेलं तर वीज तोडल्यावरही फिरती मोटर आणि कपॅसिटर मिळून स्वतःच व्होल्टेज तयार करू शकतात.

फायदा कुठे झाला? घरापासून विहिरीपर्यंत ६० मीटर वायर आहे, तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन रोध सुमारे ०.८९ ओहम. आधी वायरीत ४१ वॅट उष्णता जात होती, आता २५. कपॅसिटर मोटरपाशी लावला म्हणूनच हे घडलं. मीटरच्या पेटीत लावला असता तर वायरीत पूर्वीचाच ६.८ अँपिअर वाहिला असता. माझं घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतं, त्यामुळे बचत त्या १६ वॅटचीच: रोज एक तास पंप चालला तर वर्षाला सुमारे ६ युनिट. प्लगमध्ये खोचून बिल निम्मं करण्याचं आश्वासन देणाऱ्या डब्या विकत घेण्याआधी हे गणित एकदा करून पाहावं.

मधली छोटी नोंद

हाच हिशेब ९ वॅटच्या साध्या एलईडी दिव्यावर केला. ०.०७ अँपिअर, म्हणजे १६ व्होल्ट-अँपिअर (व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार), आणि त्रिकोणातून १३ व्हार निघाले. पण या दिव्याचा करंट साइन तरंग नसून टोकदार ठोके असतात, आणि त्या १३ मधला बराच भाग हार्मोनिक्सचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या तरंगांचा. कपॅसिटर लावून तो जात नाही. वीज मोजणारं स्वस्त मॉड्यूल रिॲक्टिव्ह पॉवर दाखवत नसेल आणि तुम्ही ती व्होल्ट-अँपिअर आणि वॅट यांच्या वर्गांच्या फरकाच्या वर्गमुळाने काढत असाल, तर हे ध्यानात ठेवा. शिवाय त्या वर्गमुळातून करंट मागे आहे की पुढे, तेही कळत नाही.

नोंद तिसरी

मामांच्या शेतावर ५ हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर आहे, स्टार्टरशेजारी २ केव्हीएआर (म्हणजे २००० व्हार), ४४० व्होल्टचा कपॅसिटर. मामा म्हणाले, "बघ रे, कंडेन्सर चालू आहे का नुसता लटकलाय." सिंगल फेजवर जे शिकलो ते तिथे लावून पाहायचं होतंच.

लाइन व्होल्टेज, म्हणजे दोन फेजमधलं व्होल्टेज, ४१० होतं. व्हार व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, म्हणून २ चे १.७४ केव्हीएआर झाले. थ्री फेजला भाजक म्हणजे ३ चं वर्गमूळ गुणिले लाइन व्होल्टेज: १७३७ भागिले (१.७३२ गुणिले ४१०), म्हणजे प्रत्येक वायरीत २.४५ अँपिअर यायला हवेत.

टेस्टरवर आले २.४, १.४ आणि १.४.

मामांना वाटलं, दोन बाजू अर्धवट गेल्या. मला आधी तसंच वाटलं, मग डेल्टाचं चित्र काढलं. आत तीन कपॅसिटर त्रिकोणात जोडलेले असतात. प्रत्येकातला करंट २.४५ भागिले १.७३२, म्हणजे १.४१. त्यातला एक तुटला तर दोन वायरींना एकेकच कपॅसिटर उरतो, तिथे १.४१. तिसऱ्या वायरीला दोन्ही शाबूत कपॅसिटर जोडलेले राहतात, आणि त्यांचे करंट ६० अंशांनी वेगळे असल्यामुळे बेरीज २.८२ न होता पुन्हा २.४५ होते. म्हणजे दोन बाजू अर्ध्या गेलेल्या नाहीत, एकच कपॅसिटर पूर्ण गेला आहे, आणि तोही १.४ दाखवणाऱ्या दोन वायरींच्या मधला.

मुख्य स्विच काढला, पाच मिनिटं थांबलो, व्होल्टेज शून्य असल्याची खात्री केली, वायरी सोडवल्या आणि दोन-दोन टोकांमध्ये कपॅसिटन्स मोजला. तिन्ही शाबूत असते तर कुठल्याही दोन टोकांत दीडपट दिसायला हवा होता. दोन जोड्यांमध्ये एका कपॅसिटरइतका, आणि संशयित जोडीत त्याच्या बरोबर निम्मा निघाला, कारण तिथे उरलेले दोन एकापाठोपाठ येतात. मामा शनिवारी तालुक्याला जाऊन नवा कपॅसिटर आणणार आहेत. तो बसला की तिन्ही वायरींचे आकडे इथे लिहितो.