३९७ हा आकडा आला कोठून?

एका ऑनलाइन गेमच्या लिलाव-बाजारातील भाव खेळाडूंना दाखवणाऱ्या एका छोट्या संघात मी काम करते. त्या सकाळी एका खेळाडूचा संदेश आला. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता, फक्त हिशेब होता. ट्रेड चॅटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या संभाषणात, कोणीतरी दागिने घडवण्याचा निळा खडा १२० नाण्यांना देऊ केला होता. आमच्या अ‍ॅड-ऑनमध्ये (गेमला जोडून चालणाऱ्या पूरक साधनात) त्याच खड्याचा भाव ३९७ दिसत होता, म्हणून याने साठवलेली नाणी मोडून २०० खडे घेतले, आणि ते विकण्यासाठी लिलावघरात गेल्यावर तोच खडा तेथे ४२ नाण्यांना पडून असल्याचे त्याला दिसले. ८,४०० नाण्यांच्या मालासाठी त्याने २४,००० नाणी मोजली होती. शेवटी एकच प्रश्न होता: तुमचा ३९७ हा आकडा आला कोठून?

हा प्रश्न माझ्यासाठीच होता, कारण खोटे भाव गाळणारी चाळणी मी लिहिली होती.

आम्हाला गेमच्या सर्व्हरकडून दर तासाला बाजाराचे एक चित्र मिळते. त्यात प्रत्येक नोंदीचा क्रमांक, नगांची संख्या, मागितलेला भाव आणि मुदत संपायला साधारण किती अवधी उरला आहे, एवढेच असते. विक्रेत्याचे नाव नसते. सौदा झाला की नाही, हेही कोठे लिहिलेले नसते. म्हणजे आम्हाला दिसतो तो लोकांनी मागितलेला भाव, आणि खेळाडूला हवा असतो तो प्रत्यक्षात मिळणारा भाव. या दोहोंमधली दरी भरून काढण्यासाठीच चाळणी असते. कोणी चुकून दोन शून्ये जास्त टाकतो, कोणी गंमत म्हणून एका नगाला लाखभर नाणी मागतो, आणि साधी सरासरी काढली तर अशी एकच नोंद सगळा भाव बिघडवू शकते. म्हणून मी सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे सगळे भाव चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा भाव, घेतला होता. मध्यकापासून प्रत्येक नोंद किती दूर आहे ते काढायचे, त्या अंतरांचाही मध्यक घ्यायचा, त्याला १.४८२६ ने गुणून प्रमाण विचलनाच्या (आकडे किती पसरलेले आहेत हे सांगणाऱ्या नेहमीच्या) मापात आणायचे, आणि या मापाच्या तिपटीपेक्षा दूर असलेली नोंद वगळायची, अशी ती पद्धत. ती संख्याशास्त्रात मान्यता पावलेली आहे आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

सकाळी सात वाजताचे चित्र मी उघडले. निळ्या खड्याच्या ३९३ नोंदी होत्या. त्यांतल्या ६२ नोंदी ३८ ते ४७ नाण्यांच्या दरम्यान होत्या आणि त्यांत मिळून सुमारे १,९०० खडे होते. उरलेल्या ३३१ नोंदी ३९५ ते ४०० नाण्यांच्या पट्ट्यात होत्या, आणि त्यांतली प्रत्येक नोंद एकाच खड्याची होती. मध्यक अर्थातच ३९७ वर जाऊन बसला. त्या पट्ट्यातील नोंदी एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की अंतरांचा मध्यक जेमतेम दोन नाणी निघाला, आणि माझ्या चाळणीने ४२ नाण्यांच्या आसपासच्या सर्व ६२ नोंदी विक्षिप्त ठरवून बाहेर टाकल्या. खोटे गाळण्यासाठी बसवलेल्या यंत्राने अतिशय शिस्तीने फक्त खरे तेवढे गाळले होते.

मध्यक निम्म्यापर्यंतच्या खोट्या नोंदी सहन करतो, त्यापुढे नाही, हे मला ठाऊक होते. निम्म्याहून अधिक नोंदी खोट्या असतील, ही शक्यताच मी गंभीरपणे घेतली नव्हती. एवढे कष्ट कोण घेणार, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कष्ट फारच थोडे होते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमच्या लिलावघरात जसे विक्री झाली तरच ५ टक्के कापले जातात, तशीच रचना आमच्या गेमची आहे. नोंद करण्यासाठी ठेवावी लागणारी अनामत अशा स्वस्त मालावर नगण्य असते. या माणसाला ते ३३१ खडे विकायचेच नव्हते. त्याला आमच्या अ‍ॅड-ऑनमध्ये ३९७ हा आकडा उमटवून घ्यायचा होता आणि मग चॅटमध्ये १२० नाण्यांना माल काढून मोठी सवलत देत असल्याचा आव आणायचा होता. त्याने बाजार फिरवलाच नव्हता; फिरवले होते ते आमचे माप.

दुपारपर्यंत मी पहिला उपाय तयार केला. नोंदी मोजण्याऐवजी नग मोजायचे, म्हणजे प्रत्येक नोंदीला तिच्यातील नगांइतके वजन द्यायचे. निळ्या खड्याचा भाव तत्काळ ४२ वर आला. मी तो उपाय चालू करणार, एवढ्यात आमच्या संघातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "आणि उद्या त्याने ४०० नाण्यांची एकच नोंद केली, पण दहा हजार नगांची, तर?" माल साठवणाऱ्याला ते अवघड नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यांनीच मग 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातील गेममधला २०१२ सालचा प्रसंग सांगितला. तेथे गटयुद्धात शत्रूचे जहाज आणि त्यातील माल नष्ट केल्यास मिळणारे बक्षीस-गुण त्या वस्तूंच्या बाजारभावावरून ठरू लागले होते. काही खेळाडूंनी क्वचितच विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे भाव चढवले, त्या आपल्याच जहाजांत भरल्या, ती जहाजे आपणच उडवली आणि प्रचंड गुण मिळवले. शेवटी गेमच्या निर्मात्यांना ती पद्धत बदलावी लागली. ज्या आकड्यावर कोणाचा तरी लाभ अवलंबून असतो, तो आकडा लोक घडवू पाहणारच, असे ते म्हणाले, आणि कोणती गोष्ट फुकट करता येते व कोणती करायला खर्च येतो ते आधी शोधायला सांगितले.

खर्च येतो तो सौद्याला. सौदा आम्हाला दिसत नव्हता, पण त्याची सावली दिसत होती. एखाद्या नोंदीची मुदत बरीच शिल्लक असताना ती पुढच्या तासाच्या चित्रातून नाहीशी झाली, तर ती एक तर विकली गेली किंवा विक्रेत्याने मागे घेतली. मागे घेतलेली नोंद बहुधा लगेच थोड्या कमी भावाने, तितक्याच नगांसह परत येते, त्यामुळे अशा जोड्या बऱ्याच अंशी वेगळ्या काढता येतात. आदल्या २४ तासांची चित्रे मी एकापुढे एक ठेवून पाहिली. महागड्या ३३१ नोंदींपैकी एकही मुदतीआधी नाहीशी झाली नव्हती. स्वस्त नोंदींपैकी २३ नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांतील बहुतेक परतल्या नव्हत्या. इतके साधे चिन्ह इतके दिवस डोळ्यांसमोर होते आणि मी त्याच्याकडे पाहिले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

एक तरुण सहकारी आणखी एक नियम सुचवत होता: गेल्या १४ दिवसांच्या मध्यकाच्या तिपटीपेक्षा वरचा कोणताही भाव सरळ नाकारावा. तो ऐकायला सुरक्षित वाटत होता, म्हणून आम्ही तो जुन्या नोंदींवर चालवून पाहिला आणि तेथेच थांबलो. मागच्या एका अद्ययावतीकरणात एका वनस्पतीची उपज गेमने मुद्दाम घटवली होती आणि तिचा भाव रातोरात चौपट झाला होता. तो भाव खरा होता. लोक तो देत होते. या नियमाने मात्र जवळजवळ आठवडाभर तो नाकारला असता, कारण निम्मे दिवस नव्या भावाचे होईपर्यंत मध्यक जुन्याच जागी राहतो. ज्यांनी आमच्या भरवशावर ती वनस्पती विकली असती, ते सर्व चौथ्या हिश्शाच्या भावात लुबाडले गेले असते. माझ्या मते ही चूक पहिलीइतकीच गंभीर आहे. फरक इतकाच की तिच्याबद्दल तक्रार करणारा कोणी आलाच नसता, कारण आपले काय गेले हे त्याला कळलेच नसते.

संध्याकाळी आम्ही जे चालू केले, त्यात कोणतीही नोंद पुसली जात नाही. भाव निघतो तो मुदतीआधी नाहीशा झालेल्या नोंदींवरून, आणि त्याच्या शेजारी तो किती संभाव्य सौद्यांवर आधारलेला आहे, ती संख्या दिसते. निळ्या खड्यापुढे ४२ आणि २१ असे दोन आकडे उमटले. महिन्यातून एखादी विकली जाणारी दुर्मीळ वस्तू असेल, तर भावाची जागा रिकामी राहते. काही खेळाडूंना ती रिकामी जागा आवडत नाही आणि ते तसे कळवतातही. तरी ती भरण्यासाठी मी अजून कोणताही आकडा सुचवलेला नाही.

त्या खेळाडूला मी रात्री उत्तर लिहिले. ३९७ हा आकडा आमचा होता, तो चुकीचा होता आणि तो कसा तयार झाला, हे सर्व नोंदींसह कळवले. त्याची नाणी परत करणे आमच्या हातात नव्हते. विक्रेत्याविरुद्ध गेमकडे तक्रार करता यावी म्हणून त्या ३३१ नोंदींचे क्रमांक मात्र सोबत जोडले. दुसऱ्या दिवशी त्याने ते मिळाल्याचे कळवले आणि विचारले की शेजारच्या दुसऱ्या आकड्यातून मागे घेतलेल्या नोंदी आम्ही नेमक्या कशा वगळतो. ते स्पष्टीकरण लिहायला मी त्याच दुपारी बसले.