फोटो कुणाचा टाकू?

“फोटो कुणाचा टाकू वो ताई? वाढदिवस कुणाचा?”

बेळगावच्या टिळकवाडीतलं फ्लेक्सचं दुकान. खानापूरच्या आमच्या पोरीला हसावं की रडावं कळेना. पीएचडीचं दुसरं वर्ष, बेंगळुरूच्या परिषदेत संशोधन मांडायचं पहिलंच पोस्टर. ए-झीरो, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. म्हादईच्या खोऱ्यातले बेडूक, अन् खाली अक्षरं मुंगीएवढी. गाईडनी, म्हणजे मीच, बघून ‘ओके’ म्हटलेलं!

दुकानदारानंच प्रिंट थांबवलं. “लांबून वाचता येईना झालंय बघा.”

तिथंच स्टुलावर बसून तिनं निम्मा मजकूर उडवला. मग हळूच, “सर, कुणी थांबलंच नाही तर?”

माझ्या पहिल्या पोस्टरपाशी दोन तासांत एकच जण थांबला होता, चहा कुठाय विचारायला. ते सांगितलं नाही. म्हटलं, मला दोन मिनिटांत समजावून सांग.

दुकानदारही ऐकत उभा. शेवटी म्हणाला, “आमच्या शेतात पण हाईत की हे. अलीकडं ओरडत का नाहीत वो?”

ती वही शोधू लागली.