अक्षरं पुढे, बोलणं मागे

धुळे तालुक्यातल्या एका गावात गुलाबी बोंडअळीवरचा आमचा अहिराणी व्हिडिओ दाखवून झाला आणि मागे बसलेल्या एका आजोबांनी दोष नेमका सांगितला: "अक्षरं पुढे पयी जातस, बोलनं मांगे राही जास." खालचा मजकूर कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच दिला होता. शेतात लावायच्या सापळ्यांचा आकडा कानावर पडण्याआधी पडद्यावरून जात असेल, तर त्या मजकुराचा उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी फाइल तपासायला घेतली. लांबी ३८ मिनिटं २२ सेकंद. पहिली सूचना आली ती अशी, की सगळी सबटायटलं सरसकट दोन सेकंद उशिरा करा. तसं केलं असतं तर बरोबर असलेली सुरुवात बिघडली असती आणि शेवट चुकलेलाच राहिला असता. आधी मोजायचं, मग हलवायचं.

हे काम आम्ही कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून करतो. प्लेअरमध्ये बघून "जरा मागे वाटतंय" एवढंच कळतं, इथे आकडा मिळतो. आधी एफएफप्रोब या फाइलची माहिती वाचणाऱ्या साधनाने चित्र आणि आवाज दोन्हींची सुरुवातीची वेळ पाहिली. आवाज काही मिलिसेकंद उशिरा सुरू होत असेल, तर वेगळी वेव्ह फाइल काढताना तो फरक हरवतो आणि पुढची सगळी मोजणी तेवढीच चुकते. इथे दोन्ही शून्यावर होत्या. मग एफएफएमपेग या रूपांतराच्या साधनाने १६,००० हर्ट्‌झची (सेकंदाला तितके नमुने) एकपदरी, म्हणजे मोनो, वेव्ह फाइल काढली. बोलणं ओळखणारी वेबआरटीसीची लायब्ररी ८, १६, ३२ किंवा ४८ हजार हर्ट्‌झच घेते. ४४,१०० दिलं तर सरळ नाकारते.

पुढची युक्ती सोपी आहे. आवाजाचे १० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे. बोलणं असेल तिथे १, शांतता असेल तिथे ०. सबटायटलच्या वेळांवरूनही तशीच दुसरी माळ करायची आणि एक माळ दुसरीवर सरकवून कुठे जास्तीत जास्त जुळते ते शोधायचं. एफएफसबसिंक हे तयार साधन हेच करतं, पण पूर्ण फाइलसाठी मिळून एकच उत्तर देतं. आम्हाला चूक कशी वाढत गेली ते हवं होतं, म्हणून आमची छोटी पायथन स्क्रिप्ट ९०-९० सेकंदांच्या विंडोवर, म्हणजे तुकड्यांवर, चालवली. एकूण २६ विंडो.

पहिल्या विंडोत मजकूर ०.०५ सेकंद लवकर, दुसरीत ०.१४, तिसरीत ०.२३. दर विंडोला ०.०९ची वाढ, म्हणजे हजारात एक. हे प्रमाण दिसलं की पहिला संशय फ्रेमवर. व्हिडिओ सेकंदाला २९.९७ फ्रेमचा होता आणि सबटायटलच्या वेळा ३० धरून मोजणाऱ्या टाइमकोडवरून (फ्रेम मोजून वेळ सांगणाऱ्या आकड्यावरून) लिहिल्या होत्या. त्या टाइमकोडचा एक तास खऱ्या घड्याळात ३,६०३.६ सेकंदांचा असतो.

बाराव्या विंडोत १.०४ आणि तेराव्यात एकदम २.५३. ही चढण नव्हे, पायरी. पायरी दिसली की जोड शोधायचा. १८व्या मिनिटाला तो सापडला: ध्वनिमुद्रण चालू असताना वीज गेली होती, नंतर एक वाक्य पुन्हा बोलून जोडलं आणि आवाज १.४० सेकंदांनी लांबला. सबटायटलं मात्र जुन्याच प्रतीवर बेतलेली होती.

एकोणिसाव्या आणि विसाव्या विंडोने वेगळाच त्रास दिला. फरक उणे ३.८ आला, पण जुळणीचे गुण इतके कमी की त्या आकड्यावर विश्वास ठेवता येईना. म्हणूनच आकड्याशेजारी गुण छापणं मी आवश्यक मानतो. ऐकलं तर मागे कूलर चालू! मे महिन्यात खान्देशात तो कोणी लावला तर दोष कसा द्यायचा? पण त्या घरघरीमुळे लायब्ररीला सगळंच बोलणं वाटत होतं, शून्यं उरलीच नव्हती. १५० हर्ट्‌झच्या खालचा आवाज गाळला, बोलणं ठरवण्यातला लायब्ररीचा कडकपणा १ वरून ३ वर नेला आणि दोन्ही विंडो रांगेत आल्या. हा गाळलेला आवाज फक्त मोजण्यासाठी. प्रकाशित प्रतीला हात लावला नाही. एफएफएमपेगमधला शांतता शोधणारा सायलेन्सडिटेक्ट वापरणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं, त्याची मूळ मर्यादा उणे ६० डेसिबल आणि २ सेकंद आहे. कूलरच्या खोलीत त्या मर्यादेला एकही शांतता सापडत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची. सगळ्या वेळांना १.००१ने गुणलं आणि जोडानंतरच्या सबटायटलांना १.४० सेकंद मिळवले. कुठून मिळवायचे ते वेळेवरून न ठरवता कानाने ऐकून सबटायटलच्या क्रमांकावरून ठरवलं. पुन्हा तपासणी: २६ विंडो, सर्वांत मोठा फरक ०.०६. आमची मर्यादा ०.३० आहे. स्क्रिप्टने शून्य परत केलं, म्हणजे पास.

तरीही आकडे असलेली सबटायटलं मी एकेक करून ऐकली. ही तपासणी शब्द जाणत नाही, फक्त बोलणं आणि शांतता जाणते. मजकूर आवाजाशी जुळवणारं एनियाससारखं साधन इथे मुद्दाम पहिल्यांदा लावलं नव्हतं. लिखाणात "डोळा" आणि बोलण्यात "डोया" एवढा फरक ते सहज पचवतं, पण निवेदकाने वाक्यच फिरवलं तर ओढूनताणून कुठेतरी बसवून टाकतं.

आणि वाक्य फिरलेलंच निघालं. जोडाच्या वेळी निवेदकाने आधी "सलग तीन रात्री सापळ्यात आठ पतंग" म्हटलं होतं आणि मग "हेक्टरी पाच सापळे". मजकुरात क्रम उलटा. दोन्ही वाक्यांची लांबी जवळजवळ सारखी, त्यामुळे वेळ अचूक आणि आकडे चुकीच्या जागी. त्या दोन सबटायटलांचा मजकूर अदलाबदल केला, स्क्रिप्ट तिसऱ्यांदा चालवली आणि नवी फाइल संध्याकाळी त्याच गावी पाठवली.