मिलोची भाकरी

महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा घंटा, चिंचेचे झाड आणि बोर्डिंगचे आमटीचे पातेले हे विषय वर्गबंधूंनी आधीच वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला नाताळ आला. नाताळ म्हटले की मला बाईंखेरीज दुसरे काही आठवत नाही, तेव्हा इतर गुरुजनांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. बाई म्हणजे मराठीच्या बाई. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की दुसऱ्या कोणाचा बोध होत नसे.

मी आठवीत होतो आणि साल होते १९७२. आमचे घर पाथर्डीकडचे, माळकरी. विहीर आटली तेव्हा वडिलांनी मला नगरला बोर्डिंगात ठेवले, ते शिक्षणासाठी जितके, तितकेच दोन वेळच्या जेवणासाठी. अमेरिकन मराठी मिशन या शहरात १८३१ साली आले, हा इतिहास आम्हाला पाठ होता. परंतु माझ्यासारख्या माळकऱ्याच्या पोराला उपासनेत रमवले ते नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी. पेटी आणि टाळ यांच्या साथीने ते सुरू झाले की आपण गावच्या भजनातच बसलो आहोत, असे वाटे.

त्या वर्षी नाताळचा फराळ होणार की नाही, याचीच आम्हाला काळजी होती. करंज्यांना रवा नव्हता, रेशनची साखर चहालाही पुरत नव्हती. बाईंनी शेंगदाणे आणि गूळ मिळवला, आम्हा मुलांकडून लाडू वळवून घेतले आणि त्यांतले निम्मे शहराबाहेर खडी फोडणाऱ्या माणसांकडे न्यायचे ठरवले. अशा दुष्काळी कामांवर १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे होती, असे मी पुढे वाचले. आम्हाला दिसत होती ती रस्त्याच्या कडेला उन्हात बसलेली काही शे माणसे, त्यांच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या आणि दगडांच्या ढिगाआड झोपवलेली पोरे.

निघण्याआधी बाईंनी तासाला फळ्यावर दोन शब्द लिहिले होते, ‘उपकार’ आणि ‘कृपा’. उपकार फेडावा लागतो, त्याची वही असते; कृपेला वहीच नसते, म्हणून ती करणाऱ्याने मान ताठ करायची नाही आणि घेणाऱ्याने खाली घालायची नाही, असे त्या म्हणाल्याचे आठवते. नंतर नेहमीच्या शिस्तीने त्यांनी ताकीद दिली की, लाडू हातावर ठेवून लगेच परत फिरायचे नाही, शेजारी बसायचे, विचारपूस करायची आणि त्यांनी काही पुढे केले तर ‘नको’ म्हणायचे नाही. ही शेवटची अट आम्हाला विचित्र वाटली, कारण त्या माणसांजवळ पुढे करण्यासारखे काय असणार होते?

परंतु त्यांच्याजवळ भाकरी होती. रेशनवर मिळणाऱ्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची ती भाकरी हातात घेतली तरी तडकत असे. मी ज्या मावशींजवळ बसलो, त्यांनी फडके सोडले, भाकरीचे चार तुकडे केले, त्यांवर मिरचीची चटणी ठेवली आणि एक बाईंना व एक मला देत विचारले, “गाव कंचं रं लेकरा?”

मी त्यांना केव्हाच ओळखले होते. त्या आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या होत्या. माझी आईही अशाच एका कामावर खडी फोडत होती. आणि बोर्डिंगातल्या मुलांना तर मी आमच्या विहिरीवर इंजिन असल्याचे सांगून ठेवले होते. मी म्हणालो, “नगरचाच,” आणि पोट भरले आहे असे सांगून भाकरी परत केली. माझ्या प्रवेशाचा अर्ज बाईंनी स्वतः भरला होता, त्यामुळे माझे गाव त्यांना ठाऊक होते. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या वाट्याचा तुकडा उचलला, तोही खाल्ला आणि वर मावशींकडून आणखी थोडी चटणी मागून घेतली.

सुट्टीत घरी जाताना बाईंनी मला सहा लाडू बांधून दिले. “तीन तुझ्या आईला आणि तीन त्या मावशींना. त्यांची भाकरी मी तुझ्याही वाटणीची खाल्ली, म्हणून हे तुझ्या हातून जाऊ देत,” एवढेच त्या म्हणाल्या. मावशींचे तीन लाडू मी एस. टी. स्टँडमागे उभा राहून एकट्याने खाल्ले. हे आजवर मी कोठेही लिहिलेले नाही.

पुढे बँकेत लागलो आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. दर डिसेंबरात आम्ही घोंगड्या वाटत असू. मागे फलक, पुढे कॅमेरा. एका वर्षी एक म्हातारे गृहस्थ घोंगडी काखेत घेऊन म्हणाले, “साहेब, बसा, चहा टाकतो.” मी घड्याळ पाहिले आणि निघालो. गाडीत बसल्यावर फळ्यावरचे ते दोन शब्द आठवले. त्यानंतर फलक बंद केला आणि वाटपाची घरेही कमी केली, कारण बसायला वेळ लागतो. आपल्या शाळेतही आता नाताळला थर्माकोलचा मोठा देखावा आणि कर्णे असतात, बोर्डिंगची चूल मात्र थंड आहे. माझ्या वयाच्या माणसाला ते खटकणारच.

बाईंच्या अखेरच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. तोवर त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून मावशींची ओळख लपवल्याचे आणि लाडवांचे सारे मला बरेच मोठ्याने सांगावे लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “चटणी मात्र फार तिखट होती रे. रात्रभर पाणी पीत होते.”