लॉन काढून कोहळे लावताना

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरापुढे साधारण २० फूट लांब आणि १५ फूट रुंद लॉन होते. नागपूरच्या उन्हाळ्यात ते हिरवे ठेवण्यासाठी रोज पाणी मारावे लागे आणि त्यावर बसण्याचे दिवस मात्र वर्षातून मोजकेच मिळत, म्हणून ती जागा कोहळ्याला द्यायचे आम्ही ठरवले. कोहळे म्हणजे पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा. पेठा करतात तो पांढरा कोहळा नव्हे. घरात सर्वांनाच कोहळ्याची तळलेली गोड बोंडे प्रिय असल्याने या निर्णयाला कोणी विरोध केला नाही.

पहिल्या वर्षी मी जूनच्या पहिल्या आठवड्यात भाड्याने छोटा रोटाव्हेटर आणला आणि एका दुपारीत सगळे लॉन उलटून टाकले. माती भुसभुशीत, काळीभोर दिसू लागली आणि काम फत्ते झाले असे मला वाटले. प्रत्यक्षात मी हरळीची लागवड करून ठेवली होती. आमचे लॉन हरळीचेच, म्हणजे दुर्वांचेच, होते आणि हरळीचे धावते दांडे जमिनीवर जितके पसरतात, तितक्याच चिवट पांढऱ्या मुळ्या जमिनीखालीही पसरलेल्या असतात. त्यांच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो. यंत्राच्या पात्यांनी त्या मुळ्यांचे बोट-दोन बोटांचे हजारो तुकडे केले, मृगाच्या सरींनी त्यांना पाणी दिले आणि पंधरा दिवसांत कोहळ्याच्या रोपांभोवती आधीपेक्षा दाट गवत उभे राहिले. त्याच्या जोडीला लव्हाळाही आला. त्या वर्षी आम्हाला दोन फळे मिळाली, त्यातले एक सडके निघाले.

दुसऱ्या वर्षी मी एप्रिलच्या सुरुवातीलाच कामाला लागलो, कारण या कामात नागपूरच्या उन्हाइतका खात्रीचा मजूर मिळत नाही. आधी फावड्याने वरचा तीन-चार बोटांचा गवती थर सोलून काढला. मग सब्बल आणि कुदळीने वीतभर खोल खणून मोठाली ढेकळे तशीच उघडी टाकली. ढेकळे फोडायची नाहीत, हे पहिल्या वर्षाने शिकवले होते. आठ-दहा दिवसांच्या उन्हात मुळ्या दोरीसारख्या वाळल्या आणि ढेकळे हाताने मोडून त्या अखंड ओढून काढता आल्या. हे काम कंटाळवाणे आहे आणि कमरेची परीक्षा पाहणारे आहे. निघालेल्या मुळ्या मी खतखड्ड्यात टाकल्या नाहीत, गच्चीवर पसरून पुरत्या करकरीत होऊ दिल्या.

त्यानंतर जमीन सपाट करून तिला भरपूर पाणी दिले आणि वर पारदर्शक प्लास्टिक अंथरले. काळे प्लास्टिक स्वतः तापते, पारदर्शक प्लास्टिक मात्र ऊन आत जाऊ देते आणि ओली माती ती उष्णता खालपर्यंत नेते. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून हे पाणी दुहेरी उपयोगाचे ठरते. भेगा मिटल्या की प्लास्टिक मातीला चिकटून बसते आणि मध्ये हवा राहत नाही. कडा चर खणून मातीत गाडल्या. गल्लीतल्या कुत्र्यांनी दोनदा प्लास्टिक फाडले, ते पॅकिंगच्या चिकटपट्टीने सांधले. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब लटकलेले दिसत आणि दुपारी कडेची माती उकरून बोट घातले तर ते चटकन मागे घ्यावे लागे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत, म्हणजे जवळपास सहा आठवडे, हे आवरण तसेच ठेवले.

या उष्णतेने वरच्या थरातले गाजरगवताचे आणि केन्याचे बी बहुतेक मरते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र दाद देत नाहीत. एका सकाळी त्याचे सुईसारखे टोक प्लास्टिक भोसकून वर आलेले पाहिले आणि मला त्याचा रागही आला, कौतुकही वाटले. लव्हाळा उपटला की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. म्हणून वाफसा असताना, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, खुरपे तिरके खुपसून गाठीसकट उचलावा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी हे पुन्हा करावे, एवढाच मार्ग मला जमला.

शेजारच्या काकांनी फवारणी सुचवली होती. ग्लायफोसेटची फवारणी केंद्र सरकारने २०२२ मध्ये कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्यांपुरती मर्यादित केली आणि दुकानात सहज सुचवले जाणारे २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर चालते. म्हणजे हरळी तशीच राहिली असती आणि कोहळे मेले असते.

प्लास्टिक काढल्यावर जमीन पुन्हा खणली नाही, कारण खालच्या थरातले जिवंत बी वर आणणे म्हणजे सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात घालणे. फक्त सहा-सात फुटांवर सहा आळी करून प्रत्येकात शेणखत आणि तीन-तीन बिया घातल्या. मधल्या जागेत वर्तमानपत्रांचे आठ-दहा थर आणि त्यावर सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पसरले. एका कोपऱ्यात कागदाला उधई (वाळवी) लागली, तिथे नुसते कुटार ठेवले. कूलरमधली जुनी खसही वापरली, पण तिच्यावर पाण्यातल्या क्षारांचे पांढरे पापुद्रे होते, म्हणून ती वेलांपासून दूर, वाटेवर टाकली. बाहेरून हरळी परत घुसू नये म्हणून सीमेवर शहाबादी फरशीचे तुकडे वीतभर खोल उभे गाडले.

पहिले पाच-सहा आठवडे निंदण हातानेच केले, कारण कोहळ्याची मुळे वरवर असतात आणि खुरपे खोल गेले की वेल सुकतो. वेल धावू लागले की ते उचलून तण काढू नये. प्रत्येक पेरापाशी ते मातीत मूळ धरतात आणि उचलताना ते तुटते. त्या वेळी उचलण्याची गरजही राहत नाही. हरळीला सावली सोसत नाही, आणि कोहळ्याच्या पानासारखी छत्री दुसरी नाही.

याची खातरजमा गणपतीत झाली. दर वर्षी आमच्या लॉनमधून दुर्वा खुडून नेणाऱ्या शेजारच्या काकू परडी घेऊन आल्या. आम्ही दोघांनी पाने वर करून पाहिले, तर खाली दोन-चार फिकट, पिवळट, लोळलेल्या काड्या होत्या. एकवीस दुर्वांची जुडी काही होईना. शेवटी त्यांच्याबरोबर आमच्याही गणपतीच्या दुर्वा बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, विकत आणाव्या लागल्या.