मिठाचा i किती? नोंद चौथी: जुलैतलं मीठ

मागच्या नोंदीत साखर आणि युरियापर्यंत आले होते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईत मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात, ०.१ अंश दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर आणि ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा एवढ्यावर द्रावणांचा गोठणांक मोजायचा आणि त्यावरून मिठाचा व्हान्ट हॉफ गुणक, म्हणजेच i, काढायचा असं ठरवलंय. विरघळल्यावर एका कणाचे किती कण झाल्यासारखे दिसतात, ते हा i सांगतो. मोठी परीक्षानळी मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणली. बाहेरचं भांडं म्हणजे स्टीलचा डबा, त्यात फोडलेला बर्फ आणि खडे मीठ. बर्फ-मिठाचं मिश्रण नीट जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. माझं उणे १२ च्या आसपास राहतं आणि कामाला तेवढं पुरतं.

साखरेचे आकडे आधी. १०० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात १७.१ ग्रॅम साखर, म्हणजे ०.५ मोलल (एक किलो पाण्यात अर्धा मोल). पाण्याचा स्थिरांक १.८६, म्हणजे १ मोललला गोठणांक एवढे अंश उतरतो, म्हणून गोठणांक ०.९३ अंशाने उतरायला हवा. तीन वेळा मोजला: १.०, ०.९, १.०. मग युरिया, फक्त ३.० ग्रॅम. तिन्ही वेळा ०.९ आलं. १७ ग्रॅम आणि ३ ग्रॅम, एक गोड आणि एक खताचं, आणि पारा दोघांनीही सारखाच उतरवला. पाण्याला कण कोणता आहे याच्याशी देणंघेणं नाही, किती आहेत एवढंच ते मोजतं. पुस्तकात हे वाक्य कितीदा वाचलं होतं, पण काट्यावरच्या त्या दोन ढिगांकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर अंगावर काटा आला. (युरिया खताच्या दुकानातला घेऊ नका. त्याला निंबोळी तेलाचा लेप असतो आणि पाण्यावर तवंग येतो.)

आता मीठ. २.९२ ग्रॅम, पुन्हा ०.५ मोलल. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणून कणांची संख्या पूर्ण दुप्पट झाली तर १.८६ अंश. प्रत्यक्षात आयन एकमेकांना थोडे धरून राहतात, त्यामुळे या संहतीला (द्रावणाच्या दाटपणाला) उतार १.७ च्या जवळपास यायला हवा; त्याला ०.९३ ने भागलं की i. हाच १.८ च्या आसपासचा i मला स्वतःच्या हाताने मिळवायचा होता. १८८७ साली रसायनशास्त्रज्ञ अर्‍हेनियसने क्षारांचे पाण्यात आयन होतात हे मांडलं, तेव्हा त्याच्या हाताशी राउल्ट या दुसऱ्या शास्त्रज्ञाने मोजलेले गोठणांक होते. साखरेपेक्षा क्षारांनी जवळजवळ दुप्पट उतार का द्यावा, या प्रश्नातून केवढी मोठी गोष्ट निघाली.

५ जुलै, शनिवार. तीन मोजण्या: १.५, १.६, १.६. सरासरी १.५७, म्हणजे i फक्त १.६९.

पहिला संशय माझ्या पद्धतीवरच घेतला. द्रावण गोठण्याआधी गोठणांकाच्या खाली उतरतं आणि बर्फाचा पहिला स्फटिक धरला की पारा एकदम वर उडी मारतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल. या अतिशीतनात एक बारीक फसगत आहे. पाणी गोठणांकाच्या खाली जितके अंश उतरलेलं असतं, त्या प्रत्येक अंशामागे उडीच्या क्षणी साधारण सव्वा टक्का पाण्याचा बर्फ होतो (४.१८ भागिले ३३४, हिशोब एवढाच). बर्फ शुद्ध पाण्याचा, म्हणजे उरलेलं द्रावण तेवढं दाट. तीन अंश खाली गेलात तर संहती जवळजवळ चार टक्क्यांनी वाढते. म्हणून मी उणे अडीचच्या सुमाराला सुईच्या टोकावर बर्फाचा कण घेऊन नळीत सोडते आणि उडी थांबल्याबरोबरचा आकडा लिहिते, नंतर सरकत जाणारा नाही. पण या चुकीने उतार जास्त दिसायला हवा होता. माझा तर कमी दिसत होता.

थर्मामीटरचं शून्य पुन्हा तपासलं. नुसतं डिस्टिल्ड पाणी ०.३ वर गोठतं, तसंच निघालं. ते मी आधीपासून वजा करतेच. काटा तपासायला नवं पाच रुपयांचं नाणं नको, वजनाचं प्रमाणित माप हवं, तेही आहे माझ्याकडे. काटाही बरोबर.

उत्तर आईने दिलं, तिला न विचारता. संध्याकाळी आमटीत मीठ घालताना म्हणाली, "अगं, मिठाला पाणी सुटलंय बघ. बरणीत तांदूळ टाक थोडे." मी त्याच बरणीतलं मीठ काट्यावर घातलं होतं. पाकिटातलं, आयोडीनयुक्त, पण पाकीट फोडून पंधरा दिवस झालेले. बाहेर संततधार आणि खिडकी उघडी.

६ जुलै. बरणीतलं मीठ २५.०० ग्रॅम मोजून जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, अर्धा तास हलवत राहिले. गार केलं तेही झाकण घट्ट असलेल्या डब्यात. वजन २३.०५. म्हणजे जवळजवळ आठ टक्के पाणी! मी २.९२ ग्रॅम मीठ समजत होते ते प्रत्यक्षात २.६९ होतं. त्या संहतीला अपेक्षित उतार काढला तर १.५६ येतो, आणि माझी सरासरी १.५७ होती. पारा पहिल्यापासून खरंच सांगत होता. (खडे मीठ असं भाजायला घ्याल तर कढईवर झाकण ठेवा. स्फटिकात अडकलेलं पाणी वाफ होऊन तो तडतडून फुटतो आणि तोंडावर उडतो.)

कोरडं मीठ वापरून त्याच दिवशी: १.७, १.६, १.७. सरासरी १.६७. i = १.८०.

मी ताटावर बसले होते आणि जेवायचं विसरले.

पण मला जास्त गुंतवून ठेवलंय ते यानंतरच्या गोष्टीने. मिठाला पाणी सुटतं म्हणजे काय? क्षार विरघळला की पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, उतरतो. ज्या कारणाने गोठणांक उतरतो, त्याच कारणाने. मिठाचं संपृक्त द्रावण (आणखी मीठ विरघळणार नाही इतकं दाट) शुद्ध पाण्याच्या साधारण ७५ टक्केच बाष्पदाब देतं. मग हवेत ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असेल तर कणावरच्या ओलाव्याच्या थरातून जेवढं पाणी उडतं, त्याहून जास्त हवेतून येऊन बसतं, आणि ते चालूच राहतं. मुंबईच्या जुलैत आर्द्रता बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे मी जो गुणधर्म मोजत होते, त्यानेच माझं मोजमाप बिघडवलं होतं. साखरेची ही रेषा ८५ च्या जवळ आहे, म्हणून साखरेचे आकडे त्याच स्वयंपाकघरात नीट आले. मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश राहिला असेल तर ते आणखी लवकर ओलावतं, कारण त्या क्षाराची रेषा ३३ टक्क्यांवर आहे. आमच्या इथून हायवेवर गेलं की मिठागरं दिसतात. मिठागरांच्या वाफ्यांत पाणी आटवतात ते पावसाळा सोडूनच का, याचं एक कारण या आकड्यातही आहे.

राउल्टचा साधा हिशोब करून पाहा: एकूण कणांत पाण्याचा जेवढा वाटा (मोल-अंश), तेवढाच बाष्पदाब उरतो. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ, दोन्ही आयन धरले तर पाण्याचा मोल-अंश ०.८२ येतो. म्हणजे ८२ टक्के यायला हवे होते, येतात ७५. एवढ्या दाट द्रावणात आयन पाण्याला इतके बांधून ठेवतात की नियम मोडतो. विरळ द्रावणात i दोनपेक्षा कमी आणि दाटात परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त. हे उलटसुलट वळण मला अजून पुरतं पचलेलं नाही. मधल्या संहतींवर मोजल्याशिवाय पचणारही नाही.

उत्कलनांकावरूनही (उकळण्याच्या तापमानावरून) i काढणार का, असं दोघांनी विचारलं होतं. सध्या नाही. ०.५ मोलल साखरेने उत्कलनांक जेमतेम ०.२६ अंशाने चढतो. आणि पावसाळ्यात हवेचा दाब दहाएक हेक्टोपास्कलने उतरला की साधं पाणीच ०.२८ अंशाने आधी उकळतं. हवामानच माझ्या परिणामाएवढं. बॅरोमीटर मिळेपर्यंत थांबणार.

आज, १२ जुलै. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल्या मिठाची वाटी आणि शेजारी आर्द्रतामापक ठेवून चोवीस तास झालेत. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ वर थांबायला हवी आणि तो ७८ दाखवतोय, म्हणजे माझं यंत्र तीन टक्के जास्त सांगतं. आता त्याच काट्यावर उघड्यावर ठेवलेलं कोरडं मीठ दर दहा मिनिटांनी किती जड होतं ते लिहिणार आहे. पुणे-नाशिकच्या कुणाला याच आठवड्यात तसंच करता आलं तर हवेच्या आर्द्रतेसकट आकडे कळवा. दोन्ही एका आलेखावर काढू.